नमुन्याबरहुकूम

"इथं कारागिराचा हात चुकला आहे," असं तो विद्वान माणूस म्हणाला आणि मी काखेतलं पोतं खाली टाकलं. सुटलं नाही, टाकलं. पोत्यात लोकरीचा भुगा होता, त्यामुळे आवाज काही झाला नाही, नुसती धूळ उडाली. आमच्या गल्लीतून मूर्तिकारांच्या आवाराकडे जायचं तर चर्चच्या या दारातून शिरून त्या दारातून बाहेर पडलं की निम्मं ऊन वाचतं. सगळेच तसं करतात, देव काही मनावर घेत नाही. तीस वर्षं मी हा भुगा मूर्तिकारांना पोचवते आहे. कापड कातरणाऱ्यांच्या दुकानात जमिनीवर पडतो तो. माझे वडील कातरणारे होते, आता भाऊ आहे. मातीत हा भुगा मळला की माती वाळताना तडकत नाही, एवढाच त्याचा उपयोग आणि एवढंच माझं काम. जाता-येता डाव्या हाताच्या कोनाड्यातल्या मूर्तीकडे मी बघत नाही. बघायचं नाही असं ठरवूनच बघत नाही. पण त्या दिवशी तिच्यापुढे माणसं उभी होती आणि त्यातला एकजण लोखंडी परकार तिच्या गळ्याशी धरून हे वाक्य बोलला होता.

मूर्ती येशूच्या आईची, मारियाची आहे, तीन हात उंच, पांढऱ्या संगमरवराची. पोरगा गेल्यानंतरची मारिया. मान खाली घालून ती आपल्याच रिकाम्या तळहातांकडे बघते. आमच्या भागातल्या बायका तिला मारिया म्हणत नाहीत, 'खाली बघणारी' म्हणतात. ज्यांचं मूल गेलं त्या तिच्याकडे येतात, बाकीच्यांची प्रार्थना ती ऐकत नाही असा समज आहे. नमुना उस्ताद तादेओंचा, हातभर उंचीचा, मातीचा. त्यावरून दगड कोरला तो माझ्या नवऱ्यानं, नोफ्रीनं. दोन वर्षं आणि चार महिने. दगडाची धूळ छातीत बसून तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. म्हणजे "कारागीर" म्हणजे नोफ्री. आणि चुकलेला हात म्हणजे त्याचा.

बोलणाऱ्याला मी ओळखत होते. फ्लोरेन्समध्ये त्याला कोण ओळखत नाही! मेसेर अर्देरिगो. पुलाजवळ घर, घरात जुन्या रोमन पुतळ्यांची फुटकी नाकं मांडून ठेवलेली, आणि जुलैच्या उकाड्यातही अंगात घोट्यापर्यंत काळा झगा. दगडाला कधी हात लावलेला नाही, पण दगडाबद्दल तो बोलायला लागला की दगडानंसुद्धा कान टवकारावेत. त्याच्या शेजारी एक नोकर मखमलीची उशी घेऊन उभा होता, देवाचा मुकुट धरावा तसा. आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन फ्रा मिनियातो, चर्चची देखभाल करणारा म्हातारा, ज्याला माझं सगळं आयुष्य माहीत आहे असं त्याला वाटतं. मला बघून तो लगबगीनं आला आणि कानाशी कुजबुजला, "पिएराबाई, गप्प उभ्या राहा हं. मेसेर आपल्या मूर्तीवर लिहिताहेत. रविवारी मोठ्या लोकांपुढे वाचणार, मग छापणार! आपल्या चर्चचं नाव होणार." मी म्हटलं, "आणि नोफ्रीचं?" तो म्हणाला, "शू."

उशीवर नमुना होता. सव्वीस वर्षांनी मी तो बघत होते. तेव्हा तो करडा होता, ओल्या उंदरासारखा. आता विटेसारखा लाल झाला होता. तुटलेल्या पायथ्याशी सुईच्या टोकाएवढी बारीक बारीक भोकं दिसत होती, ती माझ्या वडिलांच्या दुकानातली लोकर. भट्टीत लोकर जळते आणि तिची जागा रिकामी राहते. बाकी सगळ्यांना त्या मातीत उस्ताद तादेओ दिसत होते. मला आधी ती भोकं दिसली.

"उस्तादांच्या पुतण्याकडून घेतला तेव्हा हा कच्चाच होता," मेसेर नोकराला सांगत होता, पण आवाज सगळ्या चर्चसाठी होता. "बोट लावलं की कपचा पडायचा. मी डोंगराकडच्या कुंभाराकडून भाजून घेतला. आता हजार वर्षं राहील. बघ, ही खरी मूर्ती! हिच्यात उस्तादांचा श्वास आहे, बोटांची घाई आहे. एका दुपारीत झालेली गोष्ट. आणि हे," त्यानं परकाराचं टोक संगमरवराकडे केलं, "ही मजुरी. स्वच्छ आहे, गुळगुळीत आहे, आणि थंड आहे."

थंड! दगड थंड नसतो तर काय चुलीसारखा असतो? ती एक दुपार मला चांगली आठवते. उस्तादांनी अंजिरं मागवली होती. डाव्या हातानं अंजीर तोंडात, उजव्या हातानं माती. मी खाली वाकून मातीवर घालायची फडकी भिजवत होते आणि ते सालं जमिनीवर टाकत होते, जी मलाच उचलायची होती. तासाभरात मूर्ती उभी राहिली, हे खरं आहे. हात त्यांचा देवाघरचा होता, ते मी नाकारत नाही. मानेत काठी घातली नाही. नोफ्री म्हणाला, "उस्ताद, मानेला आधार?" ते म्हणाले, "हातभर बाईला काठी कशाला? उद्या तू म्हणशील तिला नवरा पण बघा." सगळे हसले. तेव्हा त्या बाईची मान वर होती. हनुवटी पुढे, डोळे आभाळात, जणू देवाला जाब विचारते आहे. आणि नोफ्रीची दोन वर्षं चार महिने? रोज पहाटे उठून जाणं, पावाचा तुकडा धुळीत खाणं, ओळंबा सोडून एकेक ठिपका दगडावर उतरवणं, घरी आल्यावर पापण्या पांढऱ्या? माझ्या हातांनी मी त्या पापण्या ओल्या फडक्यानं पुसत असे. एक दुपार म्हणजे श्वास आणि आठशे दिवस म्हणजे मजुरी, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

मेसेरनं नमुन्याच्या हनुवटीपासून खांद्यापर्यंत परकार धरला, तो कागदावर टेकवला, तिप्पट केला आणि मूर्तीवर लावला. मूर्तीचं माप बोटभर जास्त आलं. "पाहिलंत, फ्रा मिनियातो? बोटभर. नमुना समोर असताना! उस्तादांच्या पुतण्यानं मला कारखान्याची जुनी यादी दिली आहे." त्यानं खिशातून कागद काढून वाचलं, "'दगडकाम: नोफ्री, ज्याला पाणक्या म्हणत.' पाणक्या! म्हणजे मुळात हा इसम घरोघर पाणी भरणारा. असली मूर्ती, आणि ती द्यायची कोणाच्या हातात, तर खांद्यावर घडे वाहणाऱ्याच्या! हे मी लिहिणार आहे. उस्तादांवर झालेला अन्याय आहे हा."

फ्रा मिनियातोनं माझ्याकडे चोरून बघितलं आणि किल्ल्या मोजायला घेतल्या. नोफ्रीला या जगात एकाच गोष्टीचा गर्व होता. दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा, गाता येत नाही, पैज मारली की हरणार. पण माप! डोळ्यांवर फडकं बांधून त्याच्या हातात दोन खिळे दिले तर कुठला केसभर मोठा आहे हे तो सांगत असे. आमच्या लग्नात त्यानं माझ्या बोटात अंगठी घातली ती न मोजता बनवून आणलेली, आणि ती अशी बसली की माझ्या आईला संशय आला. त्या माणसाच्या मापात बोटभर फरक! आणि पाणक्या. ते नाव तर... त्या नावाचा तर धनीच वेगळा आहे.

ते नाव माझं आहे. हे वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नाही, पण त्या सकाळी ते पुरं झालं. उस्ताद दुसऱ्या कामाचा दगड निवडायला काराराच्या खाणींवर गेले होते. नोफ्री आवारात मूर्तीचा दगड खालून वर कोरत होता, पाय झाले होते, कंबर झाली होती. नमुना तळघराच्या बाजूच्या थंड खोलीत, आणि त्याच्यावरची फडकी दिवसातून तीनदा ओली करायची हे माझं काम. जास्त नाही, कमी नाही. ओल गेली तर माती आक्रसते आणि सगळी मापं बिघडतात. आम्ही वरच्या खोलीत राहत होतो. आमची मुलगी बीचे चार वर्षांची होती. सोमवारी तिला ताप आला, मंगळवारी संध्याकाळी ती गेली. बुधवारी पुरलं. गुरुवारी दुपारी मला आठवलं की खाली फडकी आहेत. गेले तर ती वाळून चामड्यासारखी झालेली. मी घाबरले. खरं सांगायचं तर घाबरलेसुद्धा नाही, घाबरायला आत काहीतरी शिल्लक लागतं. बीचेच्या अंगाखालची चादर अजून धुवायची होती, ती घडाभर पाण्यात बुचकळली आणि न पिळता तशीच त्या मूर्तीवर टाकली, डोक्यावरून. उरलेलं पाणी वरून ओतलं. आणि तिथंच जमिनीवर बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही. चादर काढली तेव्हा त्या बाईनं मान खाली घातली होती.

मी ती वर करायचा प्रयत्न केला. मानेच्या मागून चार बोटं घातली आणि ढकललं. बोटं लोण्यात जावीत तशी आत गेली आणि मान होती तिथंच राहिली. आणखी ढकललं असतं तर डोकं हातात आलं असतं. मी हात काढून घेतला, पातळ फडकं टाकलं आणि वर निघून गेले. पुढच्या सोमवारी नोफ्री डोक्याची मापं घ्यायला आला. मी दारात उभी होते. त्यानं फडकं काढलं आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. पुढून बघितलं, मागे जाऊन बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्याला काही झालं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "काय व्हायचंय?"

"काही नाही. असंच विचारलं." आणि त्यानं परकार काढला.

कारखान्याचा एकच कायदा होता: नमुना जसा आहे तसा. नमुना सुधारणाऱ्याला उस्ताद दाराबाहेर काढत. आपलं डोकं लावायचं नाही; दुमड असेल तर दुमड, खड्डा असेल तर खड्डा. तरी नोफ्रीला माहीत होतं ना, की बाई वर बघत होती! एका शब्दानं विचारलं असतं पुन्हा तर मी सांगितलं असतं. सांगितलं असतं का? आज तरी मला वाटतं की सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही. चार महिन्यांनी उस्ताद परतले, आवारात आले, आणि त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. "वर बघ म्हणून सांगितलं होतं हिला! हे काय केलंस गाढवा?" नोफ्रीनं त्यांना नमुन्यापाशी नेलं. उस्तादांनी नमुना बघितला. "पाणी कोणी घातलं ह्याच्यावर?" मी तिथंच होते, हातात झाडू. माझं तोंड उघडलंही असेल. नोफ्री म्हणाला, "मी." वीस माणसांपुढे उस्तादांनी त्याच्या थोबाडीत मारली. "वीस वर्षं मातीत काढलीस आणि मातीला किती पाणी लागतं ते कळत नाही? पाणक्या हो, पाणक्या!" त्या दिवसापासून तो पाणक्या. आवारात शिरला की कोणीतरी ओरडायचं, "पाणी आलं रे, घागरी काढा!" हसणारी पोरं म्हातारी झाली तरी थट्टा म्हातारी झाली नाही. नमुन्याला पुन्हा त्याला हात लावू दिला नाही कधी. आणि मूर्ती चर्चमध्ये बसली, बायका तिच्यापुढे रडायला लागल्या, मोठे लोक घोड्यांवरून बघायला आले, तेव्हा उस्ताद माळ्यावर चढले, नमुना खाली आणला, त्याच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाले की पहिल्यापासून मनात हेच होतं. थोबाडीत परत घेतली नाही.

आणि घरी? घरी नोफ्रीनं एक अक्षर काढलं नाही. सतरा वर्षं. मी वाट बघत होते की कधीतरी तो चिडेल, ताट फेकेल, म्हणेल की तुझ्यामुळे. तो फक्त पापण्या पुसून घ्यायला समोर बसायचा. कोणी गप्प राहून उपकार केले की त्या माणसाचा राग येतो, याबद्दल मला नरकात जावं लागलं तर जाईन, पण मला त्याचा राग येई. अजून येतो.

"मेसेर," मी म्हटलं. माझा आवाज चर्चमध्ये फारच मोठा वाटला. "पायाचं माप घ्या."

मेसेरनं वळून बघितलं. पोत्याकडे, माझ्याकडे. "काय म्हणालात, बाई?"

"गळ्याचं घेतलंत ना, आता पावलाचं घ्या. मग तळहाताचं. मग पदराच्या घडीचं. सगळ्यांचं घ्या."

"पिएराबाई..." फ्रा मिनियातो म्हणाला.

"तुम्ही किल्ल्या मोजा."

मेसेरला मजा वाटली असावी. त्यानं पाऊल मोजलं. तिप्पट केलं. मूर्तीचं जास्त. तळहात मोजला, जास्त. घडी, जास्त. कपाळ, जास्त. प्रत्येक ठिकाणी बारा बोटांना एक बोट, ना कमी ना जास्त. पाचव्या मापाला त्याच्या चेहऱ्यावरची मजा गेली.

"नमुना भाजून कुणी घेतला?" मी विचारलं. "तुम्ही. कच्ची ओली माती वाळली की लहान होते, भट्टीतून आली की आणखी. हे कुंभाराच्या शेळीलासुद्धा माहीत असतं. तुम्ही आपल्या हातानं नमुना लहान केलात आणि वर दगड मोठा म्हणता! नोफ्री चुकला असता तर एका जागी चुकला असता, मेसेर. नखशिखान्त सारखंच चुकायला माणूस पुरत नाही, भट्टीच लागते."

मग मेसेर हसला, आणि वाईट हसला नाही. तो काही दुष्ट माणूस नव्हता, हे कबूल करायला हवं, म्हणून तर आणखी संताप. दुष्ट असता तर सोपं होतं. "बाई, तुम्ही मला रविवारच्या फजितीतून वाचवलंत," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

"पाणक्याची बायको."

त्यानं टोपी काढली. खरंच काढली. "मग तुमच्या नवऱ्याची माफी मागतो. हे वाक्य खोडतो. बघा, खोडलं. नमुन्याबरहुकूम, केसाचाही फरक नाही, असं लिहितो." त्यानं ते लिहिलं, शाई वाळायला वर वाळू टाकली, झटकली. मग सहज म्हणून विचारलं, "पण आधी ते पाणी भरायचे, हे तर बरोबर ना? नाव तसं आहे म्हणून विचारतो."

"हो," मी म्हटलं.

का म्हटलं? जिंकले होते म्हणून. माप दोषातून सुटलं होतं, तेवढं घेऊन घरी जावं, बाकीचं कशाला उकरायचं, म्हणून. सव्वीस वर्षांपूर्वी दारात उभी राहून "नाही" म्हणणारी जी बाई होती, तिचंच हे "हो". मी पोतं उचललं. दारापाशी पवित्र पाण्याचं दगडी भांडं आहे, सवयीनं त्यात बोटं बुडवली. चार बोटं ओली झाली. मागून मेसेरचा आवाज येत होता, नोकराला मान समजावून सांगणारा. "आणि ही बघ, मानेमागची चार बोटं! नुसत्या दाबण्यानं उस्तादांनी सगळं दुःख मानेत आणलं. इथं देवाचा हात लागला असं म्हणायला हरकत नाही."

पोतं मी दुसऱ्यांदा टाकलं.

परत जाऊन सगळं सांगितलं. क्रमानं सांगितलं, फडकी, बीचे, चादर, पाणी, बोटं, थोबाडीत. फ्रा मिनियातोनं मध्येच क्रूसाची खूण केली. मी रडले नाही, माझा आवाज भांडणाचाच होता, आणि म्हणूनच असेल, मेसेरचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला. त्या मऊपणाची मला शिसारी आली. "बाई," तो म्हणाला, "मूल गेलेल्या आईला असं वाटणं साहजिक आहे. सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं. पण अशी मान पाण्यानं होत नाही हो."

"मातीला विचारा कशी होते ते! ही बोटं माझी आहेत." मी माझा हात नमुन्याजवळ नेला. नोकरानं उशी मागे घेतली. "उस्तादांची बोटं गाजरांसारखी होती, बघितलीत कधी? ह्या खड्ड्यात त्यांचं करंगळीचं टोकही बसलं नसतं."

मेसेरनं नमुना उचलला, खड्डे निरखले आणि त्याचे डोळे चमकले. "बारीक आहेत खरे. पण माती भट्टीत लहान होते, हे तुम्हीच आत्ता शिकवलंत. बोटांचे ठसेही लहान झाले. उस्तादांची गाजरं होती, त्यांच्या शेंगा झाल्या, एवढंच!" आणि तो प्रेमानं हसला.

माझंच शस्त्र घेऊन त्यानं मला गप्प केलं. बारा बोटांत एक बोट लहान होतं, गाजराची माझी करंगळी होत नाही, हे मला कळत होतं. पण ते सिद्ध कशावर करायचं? ओला नमुना जगात कुठे उरला होता? ज्या दिवशी माझी बोटं त्या मातीत शिरली त्या दिवसाचं माप कोणाकडे होतं? मी वर बघितलं. ती खाली बघत होती. आणि तिच्याकडे इतक्या वर्षांनी सरळ बघताना मला एकदम ते सुचलं, इतकं साधं की सव्वीस वर्षं ते न सुचल्याचा मला राग आला. ओल्या नमुन्याचं माप समोर उभं होतं. तिप्पट करून, दगडात. दुमड असेल तर दुमड, खड्डा असेल तर खड्डा.

"मागे काय आहे?" मी विचारलं.

"मूर्तीच्या?" फ्रा मिनियातो म्हणाला. "भिंत आहे. आणि कोळी. मागे कोण जातंय? बसवल्यापासून कोणी गेलं नाही."

कोनाडा आणि मूर्तीची पाठ यांच्यात वीतभर फट होती. मी पायथ्यावर पाय ठेवला. फ्रा मिनियातो ओरडला, मी अंग तिरकं केलं, आणि या वयात, या अंगानं, घासत घासत आत गेले. आत थंड होतं आणि चुन्याचा वास होता. नोफ्रीचा वास तोच. दिसत काही नव्हतं. मी हात वर केला आणि तिच्या पाठीवरून फिरवत नेला. पाठ खडबडीत, छिन्नीच्या रेघाच रेघा. भिंतीकडे जाणारी बाजू कोणी घासत बसत नाही, तेवढा वेळ कोणाला असतो. खांदे खडबडीत. पदराची कड खडबडीत. मग मान आली, आणि हात घसरला.

चार खळगे होते. एकाशेजारी एक, पळ्यांसारखे खोल. बोटं तिप्पट मोठी, राक्षसिणीची असावीत अशी. पण पहिलं तिरकं, दुसरं सगळ्यात खोल, चौथं नुसतं टेकलेलं. चौथं मी भीतीनं अर्धंच दाबलं होतं. आणि ते गुळगुळीत होते. सगळी पाठ करवतीसारखी, आणि तेवढे चार खळगे घासून घासून काचेसारखे केलेले. एकेका खळग्याला दोन दोन दिवस लागले असतील. कोणी बघणार नाही, उस्ताद नाही, देव नाही, भिंत तेवढी बघणार, आणि हा माणूस आवारात बसून, "पाणी आलं रे" ऐकत, माझी बोटं घासत होता. मेल्या! त्याला सगळं माहीत होतं. त्या सोमवारी मागे जाऊन बघितलं तेव्हाच माहीत झालं होतं. सांगायला तोंड नव्हतं तुला? मला एकदा मारलं असतंस तर मी सतरा वर्षं शांत झोपले असते. मी डोकं दगडाला टेकलं आणि त्याला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या मोठ्यानं, की बाहेर फ्रा मिनियातो मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागला.

"बाई," मेसेरचा आवाज आला, "काय आहे तिथं?"

"आत या."

"तुम्ही सांगा ना, मी लिहून घेतो."

"माझ्या सांगण्यावर लिहू नका. मघाशी मी सांगितलं ते तुम्हाला दुःख वाटलं. आता या आणि हात लावा. परकार घेऊन या."

"मी मावणार नाही हो त्यात."

"झगा काढा."

"पिएराबाई!" फ्रा मिनियातो किंचाळला. "दुपारची घंटा व्हायची वेळ झाली. मला दार बंद करायचंय!"

"करा बंद. मी इथंच आहे. सव्वीस वर्षं गप्प बसले, जेवणाच्या वेळेचं काय घेऊन बसलात?"

बाहेर कुजबुज झाली. घंटा झाली. ती संपेपर्यंत मी तिच्या मानेला पाठ लावून उभी होते. मग बटणं सुटल्याचा आवाज आला, सावकाश, बरीच बटणं होती, आणि जाड कापड जमिनीवर पडलं. नुसत्या सदऱ्यातला मेसेर अर्देरिगो धापा टाकत फटीत शिरला आणि खांद्यापाशी अडकला. पुढे येईना, मागे जाईना. त्याचा हात तेवढा अंधारात चाचपडत आला, मऊ, शाईचा वास असलेला, दगडाला कधी न लागलेला. मी तो मनगटाशी धरला आणि त्याची बोटं एकेक करून त्या चार खळग्यांत नेऊन ठेवली. मग माझी चार बोटं मी त्याच्या मागून कशाबशा पुढे आलेल्या दुसऱ्या हातातल्या परकाराखाली धरली.

"मोजा," मी म्हटलं.